चुलीत घातलेली वही

ये, जरा जवळ सरक. तू धुळ्यात, मी असोद्यात, मधे सगळा हायवे पडलेला, हे मला कळत नाही असं नाही. पण तुला समोर बसवल्याशिवाय मला लिहिता येत नाही, म्हणून बसवलंय. आणि ते मान हलवत 'हं, हं' करणं बंद कर. फोनवर तू तेच करतेस. मी बोलत असते, तिकडे कुकरची शिट्टी होते, तू कुणाला तरी मोजे शोधायला सांगतेस, आणि मधून मधून 'हं'. मला काय कळत नाही का गं? मी चौथीतून शाळा सोडली, पुढचं सगळं तुझ्याच पुस्तकांवरून शिकले, पण 'हं' ऐकायला पुस्तक लागत नाही. तर आज 'हं' नको. आज ऐक.

गेल्या रविवारी नातीनं तुझ्या फोनवरून मला लावला होता. मी सहज विचारलं, काय लिहिलंस गं नवीन? ती म्हणाली, "आजी, मी आता लिहीत नाही. मी मंडला रंगवते. त्यात गोल आधीच छापलेले असतात, आपण फक्त बाहेर जायचं नाही."

नऊ वर्षांची पोर. आवाजात रुसवा नाही, तक्रार नाही, शहाण्या बाईसारखं सांगितलं. माझ्या हातात गवारीच्या शेंगा होत्या, त्या तशाच राहिल्या. कारण असंच शहाणं झालेलं एक लेकरू मी याच्या आधी पाहिलंय. ते मीच केलं होतं तसं. ते लेकरू तू.

तुझ्या नवऱ्याकडच्या लोकांना आपल्या गुलाबाईचं फारसं ठाऊक नाही, आणि नातीला तर तू सांगितलंच नसशील, म्हणून तिच्यासाठी पहिल्यापासून सांगते. भादव्याची पौर्णिमा आली की बाजारातून मातीची गुलाबाई आणायची, सोबत तिचा नवरा, मांडीवर बाळ. ज्वारीच्या धांड्यांचं मखर करायचं. मग पुढचा महिनाभर संध्याकाळी गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. गाणी झाली की खाऊ. पण खाऊ आयता नाही मिळत. ज्या घरी बसल्या त्या घरची बाई डबा झाकून आणते, खुळखुळ वाजवते, आणि पोरींनी ओळखायचं आत काय आहे ते. फुटाणे, वेफर, चिक्की. ओळखेपर्यंत कुणी घरी जात नाही.

आणि गाणी कसली? सगळी सासरची गाऱ्हाणी. सासू अशी, नणंद तशी, माहेरी जायचं म्हटलं की हे काम कर नि ते काम कर. परकर नेसलेल्या पोरी, लग्न म्हणजे काय ते माहीत नाही, आणि सासूच्या नावानं टिपऱ्या आपटतायत. सासवासुद्धा ओट्यावर बसून टाळ्या देतात. तुझी आजी तर सगळ्यात मोठ्यानं. महिनाभर रोज सासूला नावं ठेवलेली त्या बाईला चालायची.

तुला गाणी पाठ व्हायला एक वर्ष लागलं, आणि दुसऱ्या वर्षी तुला ती पुरेनात. तू स्वतःची जोडायला लागलीस. मी चुलीशी, तू माझ्या पाठीला पाठ लावून. मी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायची, तू विचारायचीस, "आई, वांग्याला काय जुळतं?" मी म्हणायची, "सांगी. कोण कुणाला सांगी." लगेच तुझी एक ओळ तयार. एसटीच्या कंडक्टरवर केलंस, दुकानदाराच्या तराजूवर केलंस, धरणगावच्या तुझ्या आत्याच्या घोरण्यावर तर चार कडवी केलीस. ती ऐकून तुझे वडील जेवताना इतके हसले की त्यांना ठसका लागला. निळ्या पुठ्ठ्याची वही होती. मीच आणून दिली होती जळगावहून. पुस्तकात मुलांना कसं घडवावं म्हणून लिहितात ना, तसलं मला काही माहीत नव्हतं. मला फक्त तुझ्या पाठीचा तो उबारा आवडायचा. आणि शब्द देताना मला वाटायचं, माझी राहिलेली शाळाच मी पुढे शिकतेय.

एक चूक मात्र तेव्हाच होत होती, ती मला दिसली नाही. काम करता करता मी बडबडायची. घरात मोठ्या माणसांपुढे बोलायची सोय नव्हती, म्हणून भाकरी थापताना परातीशी बोलायची. तू तिथेच असायचीस. लेकरू काय, ऐकेल नि विसरेल, असं मला वाटायचं.

त्या उन्हाळ्यात तुझे नाना, माझे वडील, गेले. पहूरहून शेठच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला, की नाना फार थकलेत, लेकीला बघायचं म्हणतायत. शेठचा माणूस धावत सांगायला आला तेव्हा आपल्याकडे केळीची कापणी चालू होती. दारात ट्रक उभा, मळ्यातून घड येतायत, वीस-बावीस मजुरांचा स्वयंपाक माझ्या एकटीवर. मी हात धुऊन सासूबाईंपुढे उभी राहिले. त्या म्हणाल्या, गाडी भरून जाऊ दे, मग जा. रागानं नाही म्हणाल्या. पाणी आण म्हणावं तसं म्हणाल्या. आणि मीही मान हलवून परत पिठात हात घातले. तेही तसंच, पाणी आणायला निघावं तसं.

गाडी भरायला दुसरा दिवस उजाडला. तुला घेऊन मी पहूरला पोहोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. तू माझा पदर धरून होतीस. नानांच्या अंगावर कुणीतरी झेंडूची फुलं टाकली होती, ती छातीवरून घसरत होती, आणि तू ती एकेक उचलून परत ठेवत होतीस. मला वाटलं, लेकरू खेळतंय.

याबद्दल मी कुणापाशी बोलले नाही. तुझ्या वडिलांपाशीही नाही. फक्त परातीशी.

मग भादवा आला. आपल्या घरची पाळी आली. अंगणात पंधरा-सोळा पोरी, ओट्यावर बायका, सासूबाई खांबाला टेकून. मी आत डब्यात शेंगदाण्याची चिक्की भरत होते. नेहमीची गाणी झाली. मग तू म्हणालीस, आता माझं. बायकांना ठाऊक होतं तू जोडतेस म्हणून, कुणीतरी म्हणालं, "म्हण वं माय, म्हण." चालही तीच, माहेरी जायच्या गाण्याची. तू सुरू केलंस:

पहूरहून सांगावा आला, नाना बोलवतात गं,
आधी केळीची गाडी भरा, मग सून जाईल गं.
गाडी गेली दिल्लीला, सून गेली पहूरला,
नाना काही बोलेनात, फुलं त्यांच्या उराला.

पहिल्या ओळीला टिपऱ्या वाजल्या. दुसरीलाही वाजल्या, पोरींना काय कळतंय. तिसरीला ओट्यावरच्या टाळ्या थांबल्या. चौथीला तुझ्या एकटीचा आवाज अंगणात होता. छान होता गं आवाज. मी दारात डबा घेऊन उभी, आणि मला काय वाटलं सांगू? पहिल्या क्षणाला मला वाटलं, हे माझं कुणीतरी बोललं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी बोललं.

तो क्षण टिकला नाही. सासूबाई उठल्या. आत जायला निघाल्या, माझ्या अंगावरून गेल्या, आणि मी भ्याले. आता घरात काय होईल, तुझे वडील काय म्हणतील, बायका उद्या विहिरीवर काय बोलतील. डबा खाली ठेवून मी अंगणात गेले आणि तुझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. टिपरी तुझ्या हातातून उडून मखराला लागली, एक धांडं वाकलं. मग मी तुला ओढत आत नेलं आणि म्हणाले, आजीच्या पाया पड. तू पडलीस.

बाहेर पोरी तशाच उभ्या. त्या दिवशी खाऊ कुणी ओळखला नाही. डबा वाजवलाच नाही कुणी. मी चिक्की हातात वाटली, आणि त्या गुपचूप गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या पाण्याखालच्या चुलीत मी तुझी निळी वही घातली. तू दात घासायला बोटावर राखुंडी घेऊन दारात उभी होतीस. मला वाटलं होतं रडशील, ओरडशील, हाताला झोंबशील. तसं झालं असतं तर मी ती ओढून बाहेर काढली असती, देवाशपथ सांगते. तू नुसती बघत राहिलीस. पुठ्ठा लवकर जळेना, तेव्हा तू म्हणालीस, "आई, फुंकणी देऊ?"

दिलीस. मी फुंकलं.

त्यानंतर तू गुलाबाईत फक्त टिपऱ्या वाजवल्यास. शाळेत पहिली येत गेलीस. हस्ताक्षर मोत्यासारखं, निबंध गाइडमधले. सगळे म्हणायचे, काय गुणाची पोर. मीही म्हणायची. होस्टेलवरून तुझी पत्रं यायची, चार ओळींची: मी बरी आहे, तुम्ही बरे असाल, जेवण ठीक आहे, पैसे नकोत. मी ती पत्रं उलटून बघायची, मागे काही लिहिलंय का. कोरीच असायची.

आता पुढचं तुला ठाऊक नाही. इतकी वर्षं मी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर माझ्याकडे काहीच उरत नव्हतं.

तुझी आजी शेवटी आठ महिने अंथरुणाला होती. सगळं मीच करायची. एकदा भादव्यातच, गल्लीत पोरींच्या टिपऱ्या ऐकू येत होत्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते पोरीचं गानं म्हन वं." मी विचारलं, कोणतं? म्हणाल्या, "पहूरचं." मला वाटलं, बाई मरता मरता टोमणा मारतेय. मी म्हणाले, आत्याबाई, ती लहान होती, झालं गेलं सोडा, तेव्हा तुम्ही रागावलात म्हणून मी तिला मारलंही होतं.

त्या छताकडे बघत पडल्या होत्या. म्हणाल्या, "मी कुठी रागावली होती? मले लाज वाटली होती. मी आत जाऊन बसली, का आता तू येशील अन् भांडशील माझ्याशी. तू पोरीले मारलं, अन् माही लाज झाकून टाकली."

मी त्यांचं तोंड पुसलं, पांघरूण घातलं आणि मागल्या दारी जाऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं मला मारायला. कुणी मागितलं नव्हतं. त्या घरात एक जण खरं बोललं होतं, एकीनं ते ऐकून मान खाली घातली होती, आणि मधे मी गेले. मी, जिचं ते दुःख होतं.

मी त्यांना गाणं म्हणून दाखवलं नाही. येत होतं, चारही ओळी येत होत्या. म्हटलं नाही. तेवढी वाईट मी होते.

आता तुझ्या घरी येऊ. गेल्या थंडीत मी भरताची वांगी घेऊन धुळ्याला आले होते, आठवतं? तुझं घर बघून मला बरं वाटलं. नातीच्या खोलीत रंगांच्या पेट्या, चिकटवायची चमकी, ऑनलाइन मागवलेले खोके, आणि शनिवारी तो क्लास, ज्यात मुलांना गोष्टी लिहायला शिकवतात. तू मला फीसुद्धा सांगितलीस, मी कानावर हात ठेवले. मनात म्हटलं, माझ्या लेकीनं बदला घेतला माझा, चांगल्या रीतीनं घेतला. मला जे जमलं नाही ते ही करतेय.

नात स्वयंपाकघरात येऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसली. तिला कुणी शिकवलं असेल गं ते? आणि भांड्यांना येते त्या मावशीची बोली तिनं उचललेली, माझ्या कानात 'आजी, भूक लागनी' म्हणायची नि खिदळायची, कारण तू घरात तसलं बोलू देत नाहीस.

शाळेत पालकांचा दिवस होता. फळ्यावर लावायला 'माझी आई' निबंध आणायचा होता. तिनं लिहिलेला आधी मला वाचून दाखवला. मला तो पाठ झालाय, मला अशा गोष्टी पाठ होतात. 'माझी आई ऑफिसमधून येते. खाली गाडी लावते. मग ती गाडीतच बसून राहते. मी गॅलरीतून बघते. एकदा मी चारशेपर्यंत अंक मोजले. मग ती वर येते आणि हसते.'

एवढंच. एका जागीसुद्धा 'प्रेमळ' नाही, 'आदर्श' नाही. मी ऐकलं आणि मला अंगण आठवलं. मी तुला सांगायला हवं होतं, लगेच, तिच्या आधी. मी वांगी धुवायला घेतली.

तू आलीस, चहा घेतलास, वही हातात घेतलीस. तुझा चेहरा मला चांगला ठाऊक आहे. तो राखुंडीच्या दिवशी होता तसा झाला. तू काही ओरडली नाहीस. पान पिनेपाशी नीट धरून फाडलंस, कडेला एक तुकडासुद्धा राहिला नाही. आणि नातीला म्हणालीस, बस, नवीन लिहू. माझी आई प्रेमळ आहे. ती मला रोज डबा देते.

मी कसंबसं म्हणाले, फाडू नको गं, लेकराचं आहे.

तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आई, तू यात बोलू नकोस. तू तर जाळली होतीस. मी निदान मारलं नाही तिला."

बरोबर बोललीस. एकाही शब्दाला मला जागा ठेवली नाहीस. तीस वर्षांनी का होईना, तुझ्या तोंडून ते बाहेर आलं, आणि तेही माझ्याच वाट्याला यायला हवं होतं. मी गॅसवर वांगी ठेवली. पऱ्हाट्यांचा वास गॅसला येत नाही, पण ते सोड.

थोड्या वेळानं नात माझ्यापाशी आली. निबंध लिहून झाला होता. तिनं माझ्या कमरेला हात घातला आणि हळूच म्हणाली, "आजी, पण ते बठ्ठं खरं शे." सगळं खरं आहे, असं त्या मावशीच्या बोलीत.

आणि मी काय म्हणाले? मी, जिनं सासूचं ते बोलणं ऐकलं होतं, जिला सगळं कळून चुकलं होतं? मी म्हणाले, आईचं ऐकावं बेटा.

म्हणजे तुला एकदा मारलं, आणि तुझ्या लेकीला हात न लावता मारलं. तुझ्याकडे निदान कारण होतं. दिवसभर थकून आलेल्या बाईचं ते गाडीतलं चारशेचं मोजमाप शाळेच्या भिंतीवर लागणार होतं. मला तर वयानं सगळी भीती सोडवून दिलेली. मला काय झालं होतं बोलायला?

दुसऱ्या दिवशी मी सकाळचीच एसटी धरली. तू म्हणालीस, राहा दोन दिवस. मी म्हणाले, म्हशीला कोण बघेल. म्हैस आपण केव्हाच विकली, हे तुलाही ठाऊक आणि मलाही. मग पालकांच्या दिवसाचा व्हिडिओ तू पाठवलास. नात माईकपुढे उभी, हात बांधून म्हणतेय, माझी आई प्रेमळ आहे. बाईंनी तिला चांदणी लावली. सगळ्या नातेवाइकांनी अंगठे दाखवले. खाली बघ, माझाही आहे त्यात अंगठा.

तू गाडीत का बसतेस, ते मी विचारणार नाही. मी परातीशी बोलायची, तू स्टिअरिंगशी बोलत असशील. पण माझ्या परातीचं तू ऐकलंस, आणि तुझं ती पोर तिसऱ्या मजल्यावरून ऐकतेय. तिला रंगाचे खोके नाही दिलेस तरी चालेल. शनिवारचा क्लास बंद केलास तरी चालेल. तिनं तुझ्याबद्दल खरं काही आणून हातात ठेवलं तर ते धरून बस नुसती, हात भाजला तरी. मला ते जमलं नाही, म्हणून कसं करतात ते मी तुला दाखवू शकत नाही. काय केलं की काय होतं, तेवढं मात्र माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

आणखी एक. ते फाडलेलं पान तू केराच्या डब्यात टाकलं नाहीस. चार घड्या करून पर्समध्ये ठेवलंस, आतल्या चेनच्या कप्प्यात. मी पाहिलं. माझ्या हातून फुंकणी सुटली नव्हती गं. तुझ्या हातानं पर्स उघडली, एवढा फरक आहे आपल्यात, आणि त्या एवढ्याशा फरकावर मी हे सगळं लिहितेय.

तर यंदा मी गुलाबाई आणणार आहे. कितीतरी वर्षांनी. धांडी सांगून ठेवलीत, टिपऱ्या माळ्यावरून काढल्या, एका टिपरीला अजून त्या दिवसाची खोक आहे. गल्लीत आता पोरी थोड्या उरल्यात, सातआठ येतील. त्यांच्यासमोर मी ते पहूरचं गाणं म्हणणार, चारही ओळी, आणि कुणी केलं ते सांगणार. नातीनं ऐकावं. तिला कळू दे, तिची आई तिच्याएवढी असताना काय करायची.

तू म्हणशील, सहामाही होऊ दे, ऑफिसचं काम आटपू दे, मग येऊ. नको. तोवर गुलाबाई पाण्यात गेलेली असेल, आणि गाडी भरून जाऊ दे म्हणताना माणसाला काही वाटत नाही, हे मी ऐकलेलं आहे. गणपती उठले की निघा. शाळेला दोन दिवस बुट्टी मारली तर काही बिघडत नाही. पर्समधलं ते पान तेवढं काढू नकोस, तसंच घेऊन ये. डब्यात काय ठेवायचं ते मी ठरवलंय, पण सांगणार नाही. तिलाच ओळखू दे. ये गं, लवकर ये दोघी.